हात वर न केलेल्यांचे काय?

२०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईत एका पाणपक्ष्याच्या प्रचाराचा फलक लागला होता. उमेदवार न्यूझीलंडचा, निवडणूक न्यूझीलंडची आणि प्रचारक अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा विनोदवीर जॉन ऑलिव्हर. फॉरेस्ट अँड बर्ड ही तिथली निसर्गसंस्था २००५ पासून ऑनलाइन मतदान घेऊन ‘वर्षाचा पक्षी’ निवडते. त्या वर्षी संस्थेची शंभरी होती, म्हणून ‘शतकाचा पक्षी’ निवडायचा होता. मतदान जगातल्या कोणालाही खुले आहे हे ऑलिव्हरने हेरले आणि पुटेकेटेके या तुरेवाल्या पक्ष्यासाठी, म्हणजे आपल्या टिबुकलीच्या एका थोराड नातेवाइकासाठी, त्याने पॅरिस, टोकियो, लंडन आणि मुंबईत फलक लावले. रिओच्या किनाऱ्यावर विमानामागे प्रचाराचे कापड फडकवले. १९५ देशांतून साडेतीन लाखांवर मते आली. पुटेकेटेकेला पडली २,९०,३७४ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या किवीला १२,९०४. एका उत्साही माणसाने एकट्याने एका पेंग्विनला दिलेली ४०,००० मते बाद करावी लागली, ती वेगळीच.

हा निकाल न्यूझीलंडच्या पक्षिनिरीक्षकांचे मत होता काय? उघडच नाही. मग तो अन्याय होता काय? मला तसेही वाटत नाही. संस्थेला लोकांचे लक्ष हवे होते, ते मिळाले. न्यूझीलंडमध्ये हजाराच्या आत उरलेल्या एका पक्ष्याचे नाव जगभर पोचले. किवीचे त्यात काही गेले नाही. २०२१ मध्ये तर याच स्पर्धेत चक्क वटवाघूळ जिंकले होते. काही पक्षिप्रेमी चिडले, बाकीचे हसले आणि पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झाले. खेळ म्हणून मांडलेला डाव खेळ म्हणूनच संपला.

गाडी अडते ती हेच साधन नियम करण्यासाठी वापरले जाते तेव्हा. आणि ते आता सर्रास वापरले जाते. महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाचा छंद गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने वाढला. कॅमेरे आवाक्यात आले, पक्षी ओळखून देणारी ॲप आली, ५ ते १२ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा पक्षी सप्ताह २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होऊ लागला. जिल्ह्याजिल्ह्यांत व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले आणि ग्रुप झाले की वाद आलेच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणावे की नाही? घुबडाच्या ढोलीचे ठिकाण जाहीर करावे काय? घरट्यावरचे फोटो ग्रुपवर टाकू द्यावेत काय? दोन दिवस खडाजंगी चालते, कोणीतरी ग्रुप सोडून जातो आणि मग कंटाळलेला ॲडमिन पोल टाकतो. संध्याकाळपर्यंत आकडा येतो. समजा सहाशे जणांच्या ग्रुपात नव्वद मते पडली आणि त्यातली साठ ‘चालेल’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून वाक्य तयार असते: “आपल्या बहुसंख्य पक्षिमित्रांचे हेच म्हणणे आहे.”

या ‘बहुसंख्य’ शब्दावर किती भार टाकता येईल, हा खरा प्रश्न आहे. पण त्याआधी पोलच्या बाजूने जे बोलायला हवे ते नीट बोलून घेऊ. संख्याशास्त्र थोडेफार वाचलेली माणसे अशा कौलांची फार लवकर टिंगल करतात आणि ती टिंगल बरेचदा फुकटची असते.

पोल नसता तर निर्णय कसा झाला असता? एखाद्या विद्यापीठाने काटेकोर नमुना पाहणी केली असती असे कोणाला वाटत असेल, तर त्याने कधी हौशी मंडळ चालवलेले नाही. निर्णय चार ज्येष्ठांनी चहावर घेतला असता. फार तर संमेलनात ठराव मांडून हात वर करायला लावले असते. संमेलनाला कोण येतो? ज्याला रजा मिळते, प्रवासाचा खर्च झेपतो, शनिवार-रविवारी घर सोडून दोन दिवस बाहेर राहता येते तो. या अटींत गडचिरोलीची शाळामास्तरीण आणि सावंतवाडीचा अकरावीतला मुलगा सहसा बसत नाहीत. मोबाइलवरच्या पोलने त्यांना निदान एक बटण दिले. जुन्या व्यवस्थेत जाणत्यांचे ज्ञान होते, पण त्यांचे लागेबांधे, रुसवे आणि ‘आमच्या वेळी’ही होते. त्या तुलनेत नव्वद मते ही काही कमी लोकशाही नव्हे.

दुसरे असे, की हौशी लोकांच्या जगाला मतदारयादी नसते. पक्षिनिरीक्षक म्हणजे कोण? चारशे जाती ओळखणारा? गॅलरीत शिंजिराला पाणी ठेवणारी आजी? दर रविवारी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन सिंहगडाच्या खोऱ्यात बसणारा, पण फोटो निघेना तर पक्ष्याकडे न पाहणारा? यादीच नाही, तर यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडायची कशी? म्हणून ‘शास्त्रशुद्ध नमुना नाही’ हा आक्षेप खरा असूनही अर्धाच आहे. जे कोणालाच करता येत नाही, ते केले नाही म्हणून ॲडमिनला दोष देता येत नाही.

तिसरा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पोल अल्पमत दाखवतो. चर्चेत सगळेच सोवळे असतात. आवाज वाजवून पक्षी बोलावणे वाईट, यावर माना डोलतात. पोलमध्ये तीसचाळीस जण ‘कधीकधी वाजवतो’ म्हणतात तेव्हा कळते की ग्रुपात एक बोलायची भाषा आहे आणि एक वागायची. हे कळणे उपयोगाचे आहे. त्यासाठी नमुना प्रातिनिधिक असण्याचीही गरज नाही. तीस माणसे आहेत एवढे पुरते.

आता दुसरी बाजू. पोलमध्ये मत देतो कोण? जेकब नीलसन या संगणक-वापराच्या अभ्यासकाने २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एक जण सतत बोलतो. प्रमाण सगळीकडे तंतोतंत असेच नसेल, पण ज्याने ग्रुप चालवला आहे त्याला तो ‘एक’ कोण हे नावानिशी ठाऊक असते. बटण दाबणे लिहिण्याहून सोपे असल्यामुळे पोलमध्ये थोडे अधिक लोक येतात, हे मान्य. तरी येतात ते बहुतेक पेटलेलेच.

पेटलेले लोक कसा निकाल देतात याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत ॲन लँडर्स नावाने एक सल्ला-सदर चाले. १९७५ मध्ये त्या सदराच्या लेखिकेने वाचकांना विचारले: पुन्हा संधी मिळाली तर मुले होऊ द्याल का? सुमारे दहा हजार उत्तरे आली आणि त्यांतली ७० टक्के ‘नाही’ म्हणणारी होती. देशभर खळबळ उडाली. नंतर ‘न्यूजडे’ने रीतसर निवडलेल्या नमुन्याला हाच प्रश्न विचारला, तेव्हा ९१ टक्के पालक ‘हो’ म्हणाले. पहिले दहा हजार खोटे बोलत नव्हते. मुलांनी दुखावलेला बाप पत्र लिहायला बसतो. ज्याचे बरे चालले आहे, तो संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेत असतो.

मग अधिक मते गोळा केली तर? इथे आपली सहजबुद्धी दगा देते. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये एक हिशेब मांडला. मत देण्याची इच्छा आणि मत काय आहे यांत अगदी किंचित संबंध असला, इतका किंचित की सहसंबंधाचा आकडा ०.००५ यावा, तरी अमेरिकेतल्या २३ लाख स्वेच्छेने आलेल्या उत्तरांची किंमत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे ४०० उत्तरांएवढीच उरते. गर्दी वाढल्याने वाकडेपण जात नाही. उलट मोठ्या आकड्याच्या तोऱ्यात ते अधिक पक्के होते. पुटेकेटेकेच्या पावणेतीन लाखांवर मतांकडे पाहताना हे आठवावे.

आपल्याच मातीतले एक उदाहरण मला याहून आवडते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातले जगात नाव असलेले संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशातल्या पिकांचा उतारा मोजायचा होता. शेतातला छोटा तुकडा आखायचा, तेवढे पीक कापून तोलायचे आणि त्यावरून एकराचा अंदाज बांधायचा, ही रीत. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा जितका लहान, तितका अंदाज फुगतो. कारण साधे आहे. आखलेल्या रेषेवर उभी असलेली रोपे आत धरायची की बाहेर, हा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात त्यांना आत ओढतो. त्याला फसवायचे नसते. भरघोस रोप टाकवत नाही, इतकेच. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त.

हौशी ग्रुपचा पोल हा असाच लहान तुकडा असतो. काठावरची माणसे कोण आत ओढतो ते पाहावे. पोल टाकल्यावर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आपापल्या मित्रांना खासगी निरोप धाडतात: “जरा येऊन मत दे रे.” सहा महिने ग्रुप न उघडलेला मामेभाऊ येतो, बटण दाबतो आणि जातो. तोही पक्षिमित्रच, कधीकाळी भिगवणला आलेला. त्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला नाही, पण त्याचे मत दर रविवारी रानात जाणाऱ्या बाईच्या मताइतकेच मोजले जाते. ते योग्य आहे की नाही यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो आणि दोन्ही वेळा थोडासा हरेन.

साधनाचे स्वतःचे दोष थोडक्यात सांगण्याजोगे आहेत. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय मत दिले हे ग्रुपातल्या सर्वांना दिसते, आणि मत देण्याआधीच चालू बेरीजही दिसते. म्हणजे गावच्या सभेत सरपंचासमोर हात वर करण्यासारखेच झाले. ज्या ज्येष्ठाने आपल्याला पहिला नवरंग दाखवला, त्याच्या विरुद्ध नाव लावून मत देणे सोपे नसते. प्रश्नाची शब्दरचना तर निकाल निम्मा ठरवूनच टाकते. “आवाज वाजवण्यावर सरसकट बंदी घालावी काय?” आणि “विणीच्या हंगामात पक्ष्यांना आवाज वाजवून त्रास द्यावा काय?” यांची उत्तरे एकाच माणसाकडून वेगवेगळी येतील.

याहून खोल अडचण अशी, की काही जण बटणाच्या आवाक्यातच नसतात. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावात, हिवाळ्यात रोहित पाहायला माणसे लोटतात. त्यांना पाण्यात नेणारे नावाडी पिढ्यान्‌पिढ्यांचे मच्छीमार आहेत. होडी थव्याच्या किती जवळ न्यावी, यावर पुण्यातल्या ग्रुपात पोल होऊ शकतो आणि निकालही चांगला, सोज्वळ लागू शकतो. पण नियम पाळायचा नावाड्याने. उडते रोहित हवेत म्हणून आग्रह धरणारे गिऱ्हाईक नाराज झाले, तर तोटा त्याचा. त्याला विचारले कोणी? तो पक्षिमित्रांच्या व्याख्येत बसतो की नाही हेच ठरलेले नाही. खरे तर त्या पाण्यावरच्या पक्ष्यांची ये-जा त्याला आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा चांगली कळते. वनरक्षक, गुराखी, ज्याच्या बांधावर घरटे आहे तो शेतकरी, हे सगळे असेच पोलच्या बाहेर. इथे पोल समूहाचे प्रतिनिधित्व नीट करतो की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि समूह कोणता, हा प्रश्न पुढे येतो.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग हौशी लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवूच नये. तसे मात्र नाही, आणि याचा पुरावा याच छंदातून मिळतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांनी स्वेच्छेने नोंदवलेल्या तीन कोटी निरीक्षणांवर उभा आहे. ही माणसे कोणी चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. ती शहरांजवळ जास्त फिरतात, रविवारी जास्त फिरतात, सोयीच्या रस्त्यांनी जातात. तरी त्या नोंदींतून काही शिकता आले, कारण नोंद करताना आणखी गोष्टी लिहिल्या गेल्या होत्या: किती वेळ फिरलात, किती अंतर चाललात, सोबत किती जण होते, आणि ओळखलेले सगळे पक्षी यादीत आहेत की नाहीत. या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती देऊ लागतो. चार तास माळरानावर फिरूनही माळढोक दिसला नाही, हे मोजता येते.

पोलमध्ये नेमके हेच हरवते. ज्याने मत दिले नाही त्याने प्रश्न वाचला होता का? वाचून गप्प बसला का? त्याला दोन्ही पर्याय पटले नाहीत का? की तो त्या आठवड्यात परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होता? गप्प बसलेल्यांची कसलीच नोंद नसते, म्हणून त्यांना संमतीत धरायचे की विरोधात, हे जिंकलेली बाजू ठरवते.

अहवालातली आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकालीन कल सांगण्याइतकी माहिती ३३८ जातींचीच निघाली. बाकीच्यांबद्दल अभ्यासकांनी ते सांगायचे टाळले. तीन कोटी नोंदी हाताशी असताना सहाशे जातींवर गप्प राहायला धैर्य लागते. नव्वद मते हाताशी असलेल्या ॲडमिनने त्यातले थोडे उसने घ्यायला हरकत नाही. अर्थात ही तुलना फार ताणू नये. पक्षी आहे की नाही ही वस्तुस्थिती असते. ‘असावे की नसावे’ हे मत चर्चेने बदलते, आणि बदलावेही. चांगल्या वादानंतरचा पोल आणि वादाआधीचा पोल वेगळे लागले, तर त्यात मोजमापाची चूक शोधायचे कारण नाही.

तेव्हा माझे मत असे. ऑनलाइन कौल छंदी समूहाचे न्याय्य प्रतिनिधित्व सहसा करू शकत नाही, आणि दर वेळी त्याने ते करावे असा आग्रहही नको. निर्णय सहज फिरवता येण्याजोगा असेल, त्याचा परिणाम मत देणाऱ्यांवरच होणार असेल, तर खुशाल पोल घ्यावा. पुढची सहल पाषाण तलावाला की दिवेघाटाला, मासिक बैठक कोणत्या वारी, ग्रुपात दिवसाला किती फोटो चालतील, यासाठी संख्याशास्त्र आणायचे कारण नाही. चुकले तर पुढच्या महिन्यात बदलता येते.

पण परिणाम ग्रुपाबाहेरच्या कोणावर होणार असेल, तर पोलचा आकडा चर्चेची सुरुवात म्हणून ठेवावा, निकाल म्हणून नव्हे. त्याच्यासोबत चार गोष्टी लिहिल्या तरी बराच प्रामाणिकपणा येतो: सदस्य किती, मते किती, पोल किती दिवस खुला होता, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते. आणखी थोडा वेळ असेल तर सदस्यांच्या यादीतून डोळे मिटून तीस-चाळीस नावे काढावीत आणि त्यांना एकेकट्याने फोन करून विचारावे. समूहाला यादी नसली तरी ग्रुपाला असते. या तीस जणांत न बोलणारे नव्वद टक्केही सापडतात. मी हे सुचवले की ॲडमिन मंडळी हात जोडतात. नोकरी सांभाळून हे कोण करणार? आक्षेप खरा आहे. म्हणून हे दर पोलला करावे असे मी म्हणत नाही; वर्षातून एकदोनदाच, जिथे भांडण खरोखर मोठे आहे तिथे. आणि नाही जमले तर निदान ‘बहुसंख्य पक्षिमित्र’ हा शब्दप्रयोग टाळावा. ‘मत दिलेल्या नव्वदांपैकी साठ’ म्हणायला फार वेळ लागत नाही.

काही प्रश्न मात्र पोलमध्ये जाऊच नयेत. तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्ले वाढवतो. त्याचा फोटो हा अनेकांच्या वर्षाचा कळस असतो, हे मी समजू शकतो. पण त्या बिळासमोर एका सकाळी किती कॅमेरे उभे राहिले तर तो पिल्लांना खाऊ घालायला यायचे टाळील, याचे उत्तर मते मोजून मिळत नाही. ते त्याच्या वागण्याचा अभ्यास केलेल्या माणसांकडे, त्या ओढ्यावर रोज जाणाऱ्या गावकऱ्यांकडे आणि वनखात्याकडे शोधावे लागते, आणि तिघांचे जुळले नाही तर कॅमेरे कमी करण्याच्या बाजूने झुकावे लागते. ग्रुपात त्यावर ऐंशी टक्के ‘चालेल’ आले, तरी त्या ओढ्यापुरता त्या आकड्याला काही अर्थ नाही. निघायचे पहाटे साडेचारला की पाचला, याचा पोल मात्र जरूर टाकावा.